मध्यावर आलेली सुई

'टिपणे' हे क्रियापद छायाचित्रणाला नेमके केव्हापासून चिकटले, हे कोणा भाषाभ्यासकाने एकदा शोधून काढावे. वृत्तपत्रांतल्या चित्रओळी पाहा, वन्यजीवनावरच्या पुस्तकांची मलपृष्ठे पाहा. 'अचूक टिपलेला क्षण' हा शब्दप्रयोग तिथे हमखास भेटतो. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो आणि आपण डोळे टिपतो. या चारही ठिकाणी जे टिपायचे ते आधीपासून पुरते तयार असते. दाण्याचा रंग कोणता असावा हे पाखराला ठरवावे लागत नाही. छायाचित्र मात्र असे टिपता येत नाही, निदान वन्यप्राण्याचे तर नाहीच. पण भाषेने ती सोय करून ठेवल्यामुळे आपण सगळेच, आणि त्यातही आपण साहित्याची माणसे, एका मोठ्या गैरसमजात सुखाने राहतो.

हे लिहायला निमित्त झाले ते एका परिसंवादाचे. निसर्ग आणि लेखन असा काहीसा विषय होता. बोलण्याच्या ओघात एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, की छायाचित्रणात तंत्राचा भाग यंत्र सांभाळते, प्रकाश किती हवा हे कॅमेराच सांगतो. कलावंताचे काम पाहण्याचे. पुढे त्यांनी हीच मांडणी कवितेवर नेली. छंद शिकवता येतो, दृष्टी शिकवता येत नाही, वगैरे. सभागृहातल्या बहुतेक माना डोलल्या. प्रस्तुत लेखिकेने मान डोलावली नाही, पण उठून उत्तरही दिले नाही. सरांविषयी आदर आहे आणि वेळही संपत आली होती. ते उत्तर इथे देते आहे. कवितेचे काय ते कवी पाहून घेतील. मला बोलायचे आहे ते प्रकाश 'सांगणाऱ्या' कॅमेऱ्याबद्दल.

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, एवढेच. ('उद्भासन' असा भारदस्त शब्द आपल्याकडे आहे. तो उच्चारून कॅमेरा उचलणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही, तेव्हा एक्स्पोजरच म्हणू.) तो प्रकाश दोन जागी आवरता येतो. भिंगाचे छिद्र लहानमोठे करून, आणि शटर किती वेळ उघडे राहील ते ठरवून. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट तरी होतो किंवा निम्मा तरी. या पायरीला स्टॉप म्हणतात. फिल्मची गती ही तिसरी गोष्ट. पण रोल एकदा घातला की छत्तीस चित्रे संपेपर्यंत ती ठरलेली. हल्लीच्या कार्यशाळांतून या तिहींचा एक त्रिकोण काढून दाखवतात आणि तो पाठ झाला की एक्स्पोजर आले असे समजतात. त्रिकोणाने एवढेच कळते, की एफ/८ ला १/२५० आणि एफ/५.६ ला १/५०० यांतून सारखाच प्रकाश आत येतो. मुळात किती आला पाहिजे, याविषयी त्रिकोण अवाक्षर काढत नाही.

ते सांगतो मीटर, असे म्हणतात. मीटर काय करतो ते नीट पाहू, कारण सगळा वाद इथेच आहे. कॅमेऱ्यातला मीटर प्राण्याच्या अंगावरून परत येणारा प्रकाश मोजतो. या परत येणाऱ्या प्रकाशात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: सूर्याने किती दिला, आणि प्राण्याच्या कातडीने त्यातला किती परत केला. भर उन्हातली काळी म्हैस आणि ढगाळ सकाळचा पांढरा बगळा यांच्याकडून मीटरला एकच आकडा मिळू शकतो. या दोन गोष्टींची फोड त्याला करता येत नाही. म्हणून मीटर बनवणाऱ्यांनी एक गृहीतक त्याच्या पोटात घालून ठेवले: समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचे आहे, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत करणारे. गवत, माती, झाडे, माणसे अशा मिश्र दृश्याची सरासरी पुष्कळदा त्याच्या जवळपास येते, त्यामुळे गृहीतक खपून जाते. तेव्हा सुई मध्यावर आली याचा अर्थ 'एक्स्पोजर बरोबर आहे' असा नाही. 'समोरची वस्तू मध्यम करडी असेल, तर एक्स्पोजर बरोबर आहे' असा आहे. वाक्यातला 'तर'च्या आधीचा भाग व्ह्यूफाइंडरमध्ये कुठेही दिसत नाही.

माझ्यापुरता हा 'तर' मला २००२ साली कळला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मामाचा पेंटॅक्स के-१००० हाती आला होता आणि एका मित्राची ३०० मिलिमीटरची लेन्स उसनी मिळाली होती. के-१००० म्हणजे निखळ हाताने चालवायचा कॅमेरा. छिद्र आपण ठरवायचे, शटर आपण ठरवायचे, आणि चौकटीच्या उजव्या कडेला एक सुई, ती अधिक आणि उणे यांच्या मध्ये आणायची. आम्ही नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) कर्जत तालुक्यात रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट पाहायला गेलो. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे हे रान. सकाळी साडेआठच्या सुमारास एक नर बाभळींच्या कडेला उभा राहिला. ऊन थेट त्याच्या अंगावर, मागे बाभळींची दाट सावली. मी वाळूच्या पिशवीवर लेन्स टेकवली, सुई मध्यावर आणली, एफ/५.६ ला १/१२५ असा आकडा आला, आणि अर्धा रोल संपवला. स्लाइड फिल्म होती. दोन रोल आणि त्यांची धुलाई म्हणजे महिन्याची मेस असा तो हिशेब होता. रोल पुण्याहून मुंबईला जाऊन धुऊन यायला दहा दिवस लागले.

स्लाइड्स सुंदर आल्या आहेत असे मला वाटले. उजळ, स्वच्छ, बाभळीच्या सावलीतली पानेसुद्धा दिसत होती. नंतर एका निसर्गप्रेमी मंडळींच्या बैठकीत त्या पडद्यावर दाखवल्या. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "तरुण नर आहे. अजून काळा व्हायचाय." मग थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पण शिंगं तर पुऱ्या वाढीची दिसतात." कोणीतरी ऋतूमानाने रंग फिका होतो त्याची आठवण काढली. पाच-सात मिनिटे त्या नराच्या वयावर गंभीर चर्चा झाली. मी गप्प बसले होते, कारण रानात तो नर मी पाहिला होता आणि तो काळा कुळकुळीत होता. पडद्यावर त्याची पाठ ओल्या चिखलासारखी तपकिरी दिसत होती, आणि पोटाच्या पांढऱ्या भागात तर काहीच नव्हते, नुसती पारदर्शक फिल्म.

मीटरने चूक केली नव्हती. त्याच्यासमोर गडद सावली आणि काळा प्राणी होता. त्याने इमानाने दोन्ही मध्यम करडे करण्याइतका प्रकाश आत घ्यायला सांगितला. त्या वेळच्या त्या उन्हाला १०० गतीच्या फिल्मवर एफ/८ ला १/२५० पुरेसे होते. मी दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश दिला. आणि त्या चौपटीने केवळ चित्र 'फिकट' झाले नाही, एका प्राण्याविषयीचे विधान खोटे झाले. कृष्णमृगात मादी आणि कोवळा नर तांबूस तपकिरी असतात, नर वाढत्या वयाबरोबर गडद होत जातो. रंग हाच त्याच्या वयाचा आणि कळपातल्या स्थानाचा पुरावा असतो. माझ्या स्लाइडमध्ये शिंगे एक वय सांगत होती आणि कातडी दुसरे. मराठीने या प्राण्याचे नावच 'काळवीट' ठेवले आहे. जी गोष्ट नावात होती तीही मी सुईवर सोपवली.

आता सरांच्या विधानाकडे पुन्हा या. 'प्रकाश किती हवा हे कॅमेरा सांगतो, कलावंत पाहतो.' मी पाहिले होतेच की! चौकट बरी होती, क्षण बरा होता, नराने मान वळवली होती. पाहण्यात उणे काही नव्हते. उणे होते ते पाहिलेल्याचा अर्थ प्रकाशात सांगण्यात, आणि ते काम मी तंत्राचे म्हणून परक्याकडे दिले होते. तंत्र आणि दृष्टी यांच्यामध्ये सर जी भिंत घालतात ती नेमकी या ठिकाणी ढासळते, कारण एक्स्पोजर ठरवणे म्हणजे 'हा प्राणी किती काळा आहे' या प्रश्नाचे उत्तर देणे, आणि ते उत्तर प्राणी ठाऊक असल्याशिवाय देता येत नाही.

विद्यार्थ्यांना हे सांगू लागले की पहिली अडचण येते ती अशी. बगळा पांढरा आहे, भगभगीत आहे, तेव्हा छिद्र लहान करायला हवे, असे प्रत्येकाला वाटते. वास्तवात मीटरनेच तुमच्याआधी ते करून ठेवलेले असते. चौकट भरून बगळा असेल तर त्या पांढऱ्याला करडे करण्यासाठी त्याने प्रकाश आधीच तोडलेला असतो. तुम्ही आणखी तोडलात तर बगळा सिमेंटचा दिसेल. पांढऱ्यासाठी मीटरच्या आकड्यापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त द्यायचे, काळ्यासाठी तेवढेच कमी. हे उलटे वाटते, आणि उलटे वाटते म्हणूनच शिकावे लागते.

पण याहून सरळ वाट आहे, आणि हाताने चालवायच्या कॅमेऱ्याचे खरे बळ तिथे आहे. प्राण्याला मोजूच नका. प्रकाशाला मोजा. एकाच मोकळ्या उन्हात काळवीट उभा असो, माळरानावरचा ससा असो की गायबगळा, सूर्य तिघांवर सारखाच पडलेला असतो. मग एक्स्पोजर बदलायचे कशाला? त्याच उन्हातले हिरवे गवत मध्यम करड्याच्या जवळ असते, त्यावर सुई आणा आणि आकडे तिथेच सोडा. वाळलेले गवत अर्धा ते एक स्टॉप उजळ असते, हे मी करड्या कार्डाशी ताडून पाहिलेले आहे. तेवढे जास्त द्या. काहीच नसेल तर स्वतःचा तळहात त्या उन्हात धरा, त्यावर सुई आणा आणि एक स्टॉप वाढवा. बारा वाजताच्या स्वच्छ उन्हात तर मीटरही लागत नाही: १०० गतीच्या फिल्मला एफ/१६ ला १/१२५, किंवा तोच हिशेब लांब लेन्सला सोसेल असा फिरवून एफ/८ ला १/५००. आता चौकटीत काळा येवो की पांढरा, काळा काळाच येईल आणि पांढरा पांढरा. स्वयंचलित कॅमेरा मात्र प्राणी बदलला की आकडा बदलतो आणि प्रत्येकाला आपल्या करड्याकडे ओढतो. ज्याला आपण जुनाट आणि अडाणी म्हणतो तो कॅमेरा इथे अधिक बरोबर ठरतो, कारण तो सांगितल्याशिवाय हलत नाही.

एवढे करूनही निर्णय संपत नाही, उलट इथून सुरू होतो. स्लाइड फिल्मची झेप फार अपुरी असते. अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा डोळ्यांना खुपते. काळवीटाच्या एकाच अंगावर काळी पाठ आणि पांढरे पोट, शिवाय डोळ्याभोवतीचे पांढरे कडे. उन्हात या दोन्हींतला तपशील स्लाइडला पेलत नाही. कोणाला सोडायचे? माझे मत, आणि ते वादग्रस्त आहे हे मान्य करून: पांढरे सांभाळावे, हिशेबाच्या आकड्यातून अर्धा स्टॉप कमी करावा आणि काळ्याला काळे राहू द्यावे. जळालेल्या पांढऱ्यात फिल्म कोरी झालेली असते, तिथे प्राणीच उरत नाही. गडद झालेला काळा निदान प्राण्याच्या रंगाशी प्रामाणिक असतो. निगेटिव्ह फिल्मवर हाच सल्ला उलटा करावा लागेल, कारण तिला जास्तीचा प्रकाश सोसतो आणि सावलीतले हरवलेले परत येत नाही. एकच प्राणी, एकच ऊन, दोन फिल्मी आणि दोन 'बरोबर' एक्स्पोजर. यंत्राने हे परस्पर ठरवावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यावर काही जण ब्रॅकेटिंगचा तोडगा सुचवतात. एक चित्र मीटरप्रमाणे, एक थोडे जास्त, एक थोडे कमी. तिघांतले एक लागेलच. देवळाच्या खांबासाठी उत्तम. रानात तिन्ही चित्रांत प्राणी निराळा असतो. मान वळलेल्या नराचे चित्र उणे एकला आणि पाठमोऱ्याचे बरोबर, असेच नशीब बहुधा निघते. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास झोन पद्धत बांधली, ती याच प्रश्नावर: दृश्यातला कोणता भाग चित्रात किती गडद ठेवायचा हे मीटरने नव्हे, माणसाने आधी ठरवायचे. पण ॲडम्सचा डोंगर जागचा हलत नव्हता. वन्यप्राण्याच्या बाबतीत 'आधी' हा शब्द फार आधी नेऊन ठेवावा लागतो.

किती आधी, याचे टोकाचे उदाहरण एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे. तेव्हाच्या संयुक्त प्रांतात वन खात्यात असलेल्या या माणसाने वाघाच्या वाटेवर तार लावून, वाघाचाच पाय तारेला लागताच झगझगीत उजेड व्हावा आणि चित्र निघावे अशी व्यवस्था केली. १९२७ साली त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' प्रसिद्ध झाले. शटर दाबायला चॅम्पियन तिथे नसत. 'क्षण टिपणे' म्हणतात ते त्या चित्रात वाघाने केले. मग चॅम्पियन यांचे काय उरले? वाघ कोणत्या बाजूने येईल, किती अंतरावर असेल, त्या अंतरावरच्या पट्टेरी पिवळ्या अंगाला किती उजेड पुरेल, ही सगळी उत्तरे दिवसाउजेडी, वाघ नसताना, देऊन ठेवणे. मीटर कशावर रोखणार? समोर मोकळी वाट! तरीही ती छायाचित्रे चॅम्पियन यांची आहेत याविषयी कोणी शंका घेत नाही. पाहण्याचा क्षण आणि कलावंत यांची जी गाठ सर मारतात ती इथे सुटते, आणि प्रकाशाचा निर्णय तेवढा शिल्लक राहतो.

मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांचेही नाव घ्यायला हवे. निरनिराळ्या भागांतून स्वतः जुळवलेल्या अवजड कॅमेऱ्याला त्यांनी थट्टेने 'सुपर पॉन्डरोसा' म्हटले होते. त्यांची चित्रे कृष्णधवल, हत्तींची कितीतरी. हत्तीची करडी कातडी म्हणजे मीटरला सोपी असे कोणी म्हणेल. पण चिखलात लोळलेला हत्ती, धुळीने माखलेला हत्ती आणि नुकता नदीतून निघालेला हत्ती या प्रकाशाच्या हिशेबात तीन निराळ्या वस्तू आहेत. ओला हत्ती जवळजवळ काळा असतो. हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच सुई कुठे ठेवायची ते कळेल, आणि ते ज्ञान प्राणिशास्त्राचे, छायाचित्रणाचे की नुसते पाहण्याचे, याची वाटणी मला करता येत नाही.

'हे सगळे आता कशाला? आता चित्र लगेच दिसते, नंतर दुरुस्तही करता येते.' हा आक्षेप खरा आहे आणि अर्धा आहे. डिजिटल कॅमेऱ्याने जागेवरच चूक दाखवण्याची सोय केली, माझ्यासारखे दहा दिवस थांबावे लागत नाही, याचा मला निखळ आनंद आहे. पण जळालेले पांढरे तिथेही परत येत नाही. आणि उरलेल्याची दुरुस्ती कशाच्या आधारे करणार? सरकपट्टी ओढून तपकिरी नराला काळा करता येतो, तसाच तपकिरी नराला, जो खरोखरच तपकिरी होता त्याला, काळा करता येतो. संगणकाला दोन्हींत फरक दिसत नाही. तो फरक रानात उभ्या असलेल्या माणसाने त्या वेळी मनात नोंदवलेला असावा लागतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी हल्ली ज्या गुलाबी रंगात दिसू लागले आहेत, तो गुलाबी उजनीने पाहिलेला नाही. त्यांतली मळकट करडी पिल्ले कुठे जातात, कोण जाणे.

उलट बाजूच्या मंडळींचेही मला पटत नाही. गेल्या काही वर्षांत फिल्म पुन्हा लाडकी झाली आहे. आजोबांचे कॅमेरे कपाटातून निघत आहेत, आणि फिल्मला 'आत्मा' असतो, तिच्यातल्या चुकासुद्धा जिवंत असतात, असे लिहिले-बोलले जाते. फिल्मला आत्मा नसतो. चांदीचे क्षार असतात. आमचे बहुतेक रोल वाईटच येत. माझ्या चिखलाच्या रंगाच्या काळवीटाला कोणी आज 'जुन्या काळाचा मऊ रंग' म्हणून गौरवील, तर तो त्या नरावर दुसऱ्यांदा अन्याय होईल. फिल्मची थोरवी एवढीच, की ती महाग होती आणि उत्तर उशिरा देत होती, त्यामुळे प्रश्न आधी विचारावा लागे.

आमच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीकडे असाच एक के-१००० आला आहे. मीटरची बॅटरी संपली आहे, कॅमेरा चालेल का, असे विचारत होती. चालेल म्हटले, शटरला बॅटरी लागत नाही. पण रोल महाग आहे, तेव्हा तो घालण्याआधी पंधरा दिवस नवी बॅटरी टाकून नुसते अंदाज कर, असेही सांगितले. आधी उजेड पाहून आपला आकडा वहीत लिहायचा, मग मीटरचा, आणि फरक पडला तर का पडला ते एका ओळीत. वही परवा पाहिली. पहिल्या पानावर चार-पाच नोंदी खोडलेल्या आहेत आणि खाली लिहिले आहे: 'म्हैस, भर उन्हात. मीटर १/६०, माझा १/२५०. म्हैस काळी आहे.'